केडगावच्या माळावर हजारो लेकींची माय : पंडिता रमाबाई

केडगाव (ता. दौंड, जि. पुणे) : पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं केडगाव हे तसं साधं स्टेशन. आज या पट्ट्यात ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत, बाजारपेठ आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र इथल्या माळावर गवताच्या झोपड्या आणि तंबू उभे राहिले होते. त्या झोपड्यांत दुष्काळानं हाडांचा सापळा झालेल्या शेकडो पोरी होत्या. त्यांना आणणारी, भरवणारी आणि कामाला लावणारी बाई म्हणजे पंडिता रमाबाई. ५ एप्रिल १९२२ रोजी याच गावात त्यांनी देह ठेवला.

शाळेच्या पुस्तकात रमाबाईंचं नाव येतं ते संस्कृतच्या विदुषी आणि समाजसुधारक म्हणून. दोन-चार ओळींत विषय संपतो. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हे काही जण दबक्या आवाजात सांगतात, तर काही जण तेवढंच सांगतात. पण हा धर्म त्यांनी रोजच्या जगण्यात कसा आणला आणि त्यासाठी काय काय गमावलं, ते सहसा कुणी सांगत नाही. दौंड तालुक्याच्या मातीशी जोडलेली ही गोष्ट म्हणूनच जरा सविस्तर पाहायला हवी.

वेताच्या पेटीतून सुरू झालेला प्रवास

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. जन्मगाव म्हणावं असं गावच नव्हतं. आजच्या कर्नाटकात सह्याद्रीच्या रानात गंगामूळ नावाची जागा आहे. तिथं त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आश्रम करून राहत होते. अनंतशास्त्री चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. बाईमाणसाला संस्कृत शिकवू नये असा तो काळ. तरी त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्यावरून गहजब झाला. उडुपीला विद्वानांच्या सभेपुढं त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्राचेच आधार देऊन ते तिथून सुटले, पण गावात राहणं त्यांना नको झालं आणि त्यांनी रान गाठलं.

आश्रमात विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, आला-गेला जेवून जाई. त्यात होतं नव्हतं ते संपलं. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडलं. तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत घालून नेलं, असं त्यांनी पुढं लिहून ठेवलंय. त्यानंतर घर म्हणून कधी मिळालंच नाही. आज हे देऊळ, उद्या ती धर्मशाळा. वडील पुराण सांगायचे आणि लोक देतील त्यावर पोट भरायचं. पहाटे उठून आई लेकीला पाठ देई. भागवताचे १८ हजार श्लोक त्यांना मुखोद्गत होते, असं सांगतात.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कुणी येईना, आलं तर द्यायला काही नसे. भांडी गेली, चांगली वस्त्रं गेली. शेवटी रानातला पाला खायची वेळ आली. आधी वडील गेले, मग आई, त्यामागून थोरली बहीण. राहिले ते रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास.

या दुष्काळानं एक गोष्ट त्यांच्या मनात कायमची रुतवली. घरात एवढी विद्या होती, पण हातानं करायचं एकही काम कुणाला येत नव्हतं. मोलमजुरी करायची तर लाज, भीक मागायची तर त्याहून लाज. अशा कुटुंबाला पोथ्या जवळ असून उपाशी मरावं लागलं. पुढं केडगावात प्रत्येक मुलीला अक्षराबरोबर हाताचं काम शिकवायचंच, हा त्यांचा हट्ट होता. त्याचं मूळ इथं सापडतं.

पंडिता झाल्या, पण घर उजाडलं

बहीण-भाऊ पायी पायी देश फिरले. उत्तरेतली तीर्थं केली आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांची मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे ऐकून तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. नाव झालं, सभा गाजल्या. पण १८८० मध्ये भाऊही गेला.

त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, म्हणून लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. दोघं आसामकडं सिल्चरला राहिले. १६ एप्रिल १८८१ ला मुलगी झाली. तिचं नाव मनोरमा. सिल्चरच्या घरातच रमाबाईंच्या हाती बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान पडलं. त्यांनी ते उत्सुकतेनं वाचलं, पण नवऱ्याला ते रुचलं नाही. विषय तिथंच राहिला.

लेक वर्षाचीही झाली नव्हती तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. २३ व्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरात तान्हं मूल आणि मागं ना सासर ना माहेर.

त्या पुण्यात आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि इतर सुधारक मंडळींनी त्यांचं स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं. सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं साक्ष देताना मुलींच्या शाळांना बाई शिक्षक हव्यात आणि बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात, हे त्यांनी ठामपणे मांडलं. स्वतः डॉक्टर व्हावं हा त्यांचा बेत होता. त्यासाठी पुस्तकाच्या पैशातून तिकीट काढून १८८३ मध्ये त्या लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या.

लंडनमध्ये पाहिलेलं एक घर

इंग्लंडात वाँटेज इथल्या सेंट मेरी मठातल्या भगिनींकडं त्यांची राहायची सोय झाली. डॉक्टरकीचा बेत मात्र फिसकटला, कारण त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. पण तिथं त्यांनी जे पाहिलं त्यानं त्यांची वाट बदलली.

मठाच्या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात वाट चुकलेल्या, समाजानं टाकलेल्या बायकांसाठी एक घर चालवत. रमाबाईंना ते दाखवायला नेलं. ज्या बायकांची सावलीही कुणी अंगावर घेणार नाही, त्यांना तिथं मायेनं वागवलं जात होतं, औषधपाणी होत होतं, कामधंदा शिकवला जात होता. असं कुणाला का करावंसं वाटतं, हे रमाबाईंनी विचारलं. तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. गावानं बाजूला टाकलेली एक बाई भर दुपारी विहिरीवर पाण्याला येते आणि येशू तिच्याकडं पाणी मागून तिच्याशी बोलत बसतो, अशी ती कथा. रमाबाई शास्त्रं कोळून प्यालेल्या होत्या. बाई म्हणून आणि विधवा म्हणून त्या शास्त्रांत आपल्या वाट्याला काय येतं, हेही त्यांनी पाहिलं होतं. त्यांना ही कथा भिडली. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजमध्ये मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात एकच खळबळ उडाली. ज्यांनी हारतुरे घातले होते त्यांतल्या अनेकांनी पाठ फिरवली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या सत्सार या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली.

इकडं इंग्लंडातही सगळं सुरळीत नव्हतं. धर्म स्वीकारला म्हणजे डोकं गहाण टाकलं असं रमाबाईंनी मानलं नाही. त्यांनी साडी सोडली नाही आणि शाकाहारही सोडला नाही. पंथाच्या वरिष्ठांनी सांगितलं म्हणून एखादी गोष्ट मानायची हे त्यांना पटत नसे. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हाही त्या वाद घालायला कचरल्या नाहीत. म्हणजे इकडचे लोक त्यांना बाटलेली म्हणत होते आणि तिकडचे हट्टी. दोन्हीकडून बोल खात त्यांनी चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकणं-शिकवणं चालू ठेवलं.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं दूरच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या त्या पदवीदान समारंभाचं. तिथं त्या अडीच-पावणेतीन वर्षं राहिल्या. लहान मुलांच्या बालवाडीची पद्धत शिकल्या, गावोगाव भाषणं दिली. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती सांगणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. ते आईच्या, लक्ष्मीबाईंच्या स्मृतीला अर्पण केलं. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं आणि दहा वर्षं पैसा पुरवायचं त्यांनी कबूल केलं.

शारदा सदन आणि उघडं दार

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. विधवांना राहायला घर आणि शिकायला शाळा, असं ते ठिकाण होतं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. हीच पुढं महर्षी धोंडो केशव कर्वे यांची पत्नी, आनंदीबाई म्हणजे बाया कर्वे झाली. १८९० च्या अखेरीला सदन पुण्यात आलं.

सदनात कुणाचा धर्म बदलायचा नाही, असं आधीच ठरलं होतं. ज्या मुलीला जे सोवळं-ओवळं, जे व्रत पाळायचं ते पाळायची मुभा होती. सल्लागार म्हणून रानडे, रामकृष्ण भांडारकर अशी जाणती मंडळी होती. पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या आणि ते लपवायला तयार नव्हत्या. आपल्या खोलीत त्या रोज लेकीबरोबर बायबल वाचत आणि प्रार्थना करत. दार उघडं असे. त्यांनी कुणाला बोलावलं नाही, पण आलेल्याला हाकललंही नाही. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या.

१८९३ मध्ये यावरून वादळ उठलं. केसरीनं टीकेची झोड उठवली. सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. पालकांच्या बाजूनंही विचार करायला हवा. लेक शिकायला पाठवली आणि ती परधर्मात गेली तर, ही भीती त्या काळात लहान नव्हती. रमाबाईंचंही एक म्हणणं होतं. आपल्या घरात आपला देव लपवून ठेवायचा असेल तर ते घर कसलं, असा त्यांचा प्रश्न होता. मुलींना जबरदस्ती करायची नाही आणि स्वतःही खोटं वागायचं नाही, एवढीच त्यांची रेघ होती. त्या रेघेची किंमत म्हणून त्यांनी पुण्यातली बहुतेक मोठी माणसं गमावली. ती पुन्हा तशी जवळ आली नाहीत.

या सगळ्यातून एक चांगली गोष्टही झाली, ती सांगायला हवी. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी स्वतःची संस्था काढली, ती पुढं हिंगण्याला वाढली. हिंदू चौकटीत राहून विधवांना शिकवणारं घर उभं राहिलं. त्या घराच्या गृहिणीचं शिक्षण शारदा सदनात झालं होतं. वाटा वेगळ्या झाल्या तरी काम पुढंच गेलं.

रमाबाई हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. गरीब यात्रेकरू बाईचा वेश घेऊन त्या वृंदावनला गेल्या आणि तिथं विधवांची काय दैना होते ते डोळ्यांनी पाहिलं. अमेरिकेची मदत दहा वर्षांचीच, ती संपल्यावर काय, हा हिशोबही डोक्यात होता. म्हणून त्यांनी केडगावात सुमारे १०० एकर जमीन घेतली. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा साधा शेतकरी विचार त्यामागं होता. विहिरी खणल्या, झाडं लावली. पण या जमिनीच्या नशिबात बागेपेक्षा मोठं काम लिहिलेलं होतं.

दुष्काळ आला आणि बाग घर झाली

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. बातम्या येऊ लागल्या तसा रमाबाईंना आपला दुष्काळ आठवला, पाला खाल्लेले दिवस आठवले. हाती पुरेसा पैसा नव्हता. तरी त्या निघाल्या. सरकारी छावण्या आणि अनाथगृहं पाहिली. भुकेल्या पोरींना खायला देण्याच्या निमित्तानं वाईट धंद्याला लावणारे दलाल तिथं फिरत होते. हे पाहिल्यावर किती मुली घेता येतील हा विचार मागं पडला. त्यांनी सुमारे ३०० मुली आणि बायका आणल्या.

आणल्या खऱ्या, पण ठेवायच्या कुठं? पुण्यात तेव्हा प्लेग होता. शहरात एवढ्या जणींना ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग केडगावची जमीन कामी आली. तंबू ठोकले, गवताच्या झोपड्या उभ्या केल्या. ज्या जागी आमराई-संत्री वाढायची, तिथं माणसं वाढू लागली. या ठिकाणाला त्यांनी मुक्ती हे नाव दिलं.

आलेल्या पोरींची अवस्था वर्णन करायला जड जावं अशी होती. कुणाला हगवण, कुणाच्या अंगभर फोड, केसांत उवा. काही जणींना अन्न दिसलं की त्या झडप घालत, काही लपवून ठेवत. माणसावर विश्वास राहिलेला नव्हता. काही जणी जगल्या नाहीत. उरलेल्यांना न्हाऊमाखू घालणं, पेज पाजणं, रात्री उठून पाहणं हे काम सुरू झालं. हे काम शारदा सदनातल्या आधीच्या मुलींनी अंगावर घेतलं. चार वर्षांपूर्वी ज्या स्वतः टाकलेल्या विधवा होत्या, त्या आता दुसऱ्याच्या लेकरांच्या आया झाल्या. मिळालेली माया पुढं द्यायची, हे त्यांना कुणी फळ्यावर लिहून शिकवलं नव्हतं. त्यांनी ते रमाबाईंच्या वागण्यात पाहिलं होतं.

याच प्लेगच्या काळात पुण्याच्या प्लेग दवाखान्यात बायकांची आबाळ होते आणि त्यांची अब्रू सुरक्षित नाही, असं पत्र रमाबाईंनी वर्तमानपत्रात लिहिलं. गोऱ्या सरकारचा धर्म तोच आपला धर्म, म्हणून गप्प बसावं असं त्यांना वाटलं नाही. प्रकरण थेट इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नरनं आरोप नाकारले, तरी रमाबाईंनी आपलं म्हणणं मागं घेतलं नाही. त्यांना सरकारधार्जिण्या म्हणणाऱ्यांनी हे पत्र विसरू नये.

१८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. या वेळी गुजरात होरपळला. पुन्हा माणसं धाडली, पुन्हा आगगाडीनं मुली आल्या. १९०० च्या सुमारास मुक्तीत दीड हजाराहून जास्त बाया-पोरी होत्या आणि शंभरावर गुरं होती. तेव्हाच्या केडगावपेक्षा ही वस्ती लहान नसावी.

कामातूनच चाललेली प्रार्थना

एवढा प्रपंच चालायचा कसा, हे शेती करणाऱ्या माणसाला सहज कळेल. रोज दोन वेळचं धान्य, सरपण, पाणी, वैरण. एका दिवसाची चूक झाली तरी दीड हजार पोटं उपाशी. ठरलेलं उत्पन्न नव्हतं. देणग्या येत, पण कधी येतील याचा नेम नसे. रमाबाई पहाटे उठून प्रार्थना करत आणि मग दिवसाच्या कामाला लागत. पुढं कुणी विचारलं तर पैसा देवानं पाठवला असं त्या सांगत. तरीही मिळालेल्या पैशाचा हिशोब त्या चोख ठेवत. देवावर भरवसा ठेवणाऱ्या माणसानं वही ठेवू नये असं त्यांना कधी वाटलं नाही.

मुक्तीत सगळ्या मुली शाळेत जात आणि सगळ्या मुली काम करत. कुणी हातमागावर, कुणी शिवणात, कुणी गोठ्यात, कुणी तेलाच्या घाण्यावर, कुणी भट्टीवर, कुणी धुण्याला, कुणी शेतात. छापखानाही होता. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी ही कामं बायकाच करत. त्या काळी पुरुषांचा समजला जाणारा हा धंदा खेड्यातल्या विधवांनी चालवला. ब्राह्मणाची लेक आणि इतर जातींची लेक एकाच पंगतीला बसे, एकाच जात्यावर दळे.

गरजेनुसार घरं वाढत गेली. फसवल्या गेलेल्या, वाट चुकलेल्या बायकांसाठी कृपा सदन झालं. लंडनच्या त्या घरात पाहिलेलं बी इथं केडगावच्या मातीत रुजलं. म्हाताऱ्या, थकलेल्या बायकांसाठी प्रीती सदन झालं. आंधळ्या मुलींसाठी वेगळं सदन झालं. मनोरमेनं अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून घेतली होती. बोटांनी वाचायची ती लिपी तिनं या मुलींना शिकवली. आंधळी म्हणजे घराला ओझं, असं मानणाऱ्या काळात या पोरी वाचू लागल्या, विणू लागल्या.

कुणी विचारेल, यात ख्रिस्ती असं काय होतं? उपाशी माणसाला जेवण देणं प्रत्येक धर्मात सांगितलंय. खरं आहे. वारकरी संतांनीही तेच सांगितलं. पण रमाबाईंपुरतं बोलायचं तर त्यांना ही शिकवण येशूच्या चरित्रातून मिळाली. ज्याला कुणी शिवत नाही त्याला हात लावायचा आणि शिष्यांचे पाय स्वतः धुवायचे, हे त्यांनी तिथं वाचलं. वाचून पुस्तक मिटवलं नाही, तर ते गोठ्यात, चुलीपाशी, आजाऱ्याच्या अंथरुणापाशी करून पाहिलं. मुक्तीत मोठं चर्च बांधलं गेलं, १९०५ मध्ये तिथं प्रार्थनेची मोठी लाट उठली आणि तिची चर्चा देशोदेशी झाली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी गाईची धार काढावीच लागे, आणि ती निघत होती.

आक्षेप कोणते आणि काय उरतं

रमाबाईंवरचा सगळ्यात मोठा आक्षेप आजही घेतला जातो. दुष्काळाचा फायदा घेऊन त्यांनी मुली बाटवल्या, असा तो आक्षेप. मुक्तीतल्या बहुतेक मुली पुढं ख्रिस्ती झाल्या, हे खरंच आहे. केडगाव ही उघडउघड ख्रिस्ती संस्था होती आणि रमाबाईंनी ते कधी झाकलं नाही. ज्या लेकराला दुसरा आधारच नाही, त्याच्या निवडीला मोकळी निवड म्हणायचं का, हा प्रश्न प्रामाणिक माणसाला पडतो आणि पडायला हवा.

पण त्याच्या शेजारी दुसराही प्रश्न ठेवावा लागतो. त्या मुली रस्त्याच्या कडेला पडल्या होत्या, तेव्हा त्यांना उचलायला आणखी कोण गेलं होतं? ज्यांच्या घरात त्या जन्मल्या त्यांनी टाकल्या, गावानं टाकल्या, दलालांनी हेरल्या. रमाबाई गेल्या. धर्मावरून त्यांच्याशी भांडणारेही त्यांनी पोरींना नीट सांभाळलं नाही, असं म्हणू शकले नाहीत. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, आणि हे चरित्र वाचताना दोन्ही हातात धराव्या लागतात.

खेड्यातल्या बाईला कळेल असं बायबल

आयुष्याची शेवटची अठराएक वर्षं रमाबाईंनी एका कामाला दिली. मराठीत बायबल होतं, पण त्याची भाषा संस्कृत शब्दांनी जड झालेली, असं त्यांना वाटे. मुक्तीतल्या साध्या बायकांना ते उमगत नसे. संस्कृतच्या पंडितेनं ठरवलं की खेड्यातल्या बाईला वाचून कळेल असं बायबल करायचं. मूळ भाषांतून करायचं म्हणून त्या पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्थेचा रगाडा सांभाळून रोज थोडं थोडं भाषांतर चालू ठेवलं. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच ते छापायला घेतलं. ज्या बाईनं लहानपणी १८ हजार श्लोक पाठ केले, तिनं म्हातारपणी सोप्या मराठीसाठी एवढं कष्टावं, यातच तिच्या विद्येचा प्रवास दिसतो.

१९१९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. पण पुढचा घाव मोठा होता. मनोरमा आईचा उजवा हात होती. शाळा तीच पाहायची, आईनंतर तीच सगळं सांभाळणार हे ठरल्यासारखं होतं. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. चाळीस वर्षांची लेक. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक, सगळी माणसं रमाबाईंच्या डोळ्यांदेखत गेली. त्या खचल्या असतील, पण काम थांबलं नाही. भाषांतराची उरलेली तपासणी त्यांनी पुरी करत आणली. त्यानंतर लवकरच, ५ एप्रिल १९२२ ला, त्या केडगावातच गेल्या. वय ६३.

आज इतक्या वर्षांनी

भारत सरकारनं १९८९ मध्ये रमाबाईंचं टपाल तिकीट काढलं. केडगावात मुक्ती मिशन आजही चालू आहे. निराधार बायका आणि मुलींना आजही तिथं आसरा मिळतो. रेल्वेनं जाणाऱ्या-येणाऱ्या अनेकांना मात्र स्टेशनजवळ एवढा इतिहास आहे याची कल्पना नसते.

तालुक्यात आजही टाकलेल्या बायका आहेत. नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर सासरनं वाऱ्यावर सोडलेली शेतकऱ्याची विधवा आहे, ऊसतोडीच्या टोळीत शाळा सुटलेली पोर आहे, लेकांनी वाटण्या करून घेतल्यावर कुणाच्याच वाट्याला न आलेली म्हातारी आहे. त्यांच्या दारात जायला कुठल्या धर्माचा दाखला लागत नाही. रमाबाई ज्या धर्मानं गेल्या तो त्यांचा होता. दुसरा कुणी आपल्या धर्मानं जावो. फक्त जायला हवं, आणि एकदा गेल्यावर दुसऱ्या दिवशीही जायला हवं. रमाबाई केडगावात पंचवीस वर्षं तेच करत राहिल्या.